बिनपंख्याचा लॅपटॉप

माझ्या लॅपटॉपचा आवाज का येत नाही, विचारता ना? ऐका. विहिरींचं पाणी मोजत मी हिंगणघाटकडच्या धुळीच्या पांदणींतून स्कूटरवर फिरते. त्यात दोन लॅपटॉप बंद पडले. तिसरा घेण्याआधी वर्ध्याला दुरुस्तीवाल्या सुनंदाताईंकडे गेले.

“धक्क्यांनी गेला ना? दणकट कोणता घेऊ?”

त्यांनी जुना उघडला. पंख्यावर धूळ आणि कापसाच्या तंतूंचा घट्ट थर.

“धक्क्यानं नाई. पंखा हवा ओढते, तिच्यासंगं हे आत येते. तू बिनपंख्याचा घेजो. जरा हळू चालते, पण टिकते.”

“कापूस आहे हे लगेच कसं ओळखलंत?”

“आमचे यजमान बारा वर्षांपासून कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले आहेत.” ब्रशनं थर काढत त्या म्हणाल्या, “लॅपटॉपचं सोपं आहे. यजमानायले श्वास तर घ्याच लागते.”