सटवाईपुढचा कागद

तुम्ही हसाल, पण एम. ए. झालेला मी माणूस एका कागदाला अजून भितो. दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या दिवसांत मी नगरला कॉलेजात इंग्रजी कविता शिकवायचो. मुलगी झाली म्हणून सासुरवाडीला, नेवाशाला गेलो. पाचवीच्या पूजेला सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एक कोरा कागद द्या. सटवाई त्यावर बाळाचं नशीब लिहिते."

कागदाची तेव्हाही टंचाई होती. माझ्याजवळ दोन इंग्रजी कवितांची टिपणं होती, दोन्ही पाठकोरी. एका कवीचं बाळ हसत जगात येतं, दुसऱ्याचं भेदरून रडत. हसरं अजून वर्गात शिकवायचं होतं, म्हणून मी रडकं दिलं.

"अहो, मागे काहीतरी लिहिलंय की!"

"असू द्या. सटवाईला इंग्रजी कुठे येतंय?"

सगळे हसले. अकराव्या दिवशी मुलगी गेली.

बायकोने तो कागद पुढे करून विचारलं, "यात काय लिहिलंय हो?" तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

"बाळ हसत येतं, असं," मी म्हणालो.

हसऱ्या बाळाचा म्हणून तिने तो मरेपर्यंत पेटीत जपला.