कोड पाठवला आहे

...पाठवला आहे म्हणे, पण कुठे पाठवला हे विचारायची सोय नाही. तुम्हाला सांगते, त्या दिवशी सकाळपासून मांडीवर बाळ रडतंय, हातात मोबाइल, आणि त्याचं आपलं एकच, 'कोड पाठवला आहे.' मला कुठे हौस होती लॉगिनची? पण दुकानात बिल करणारी मुलगी म्हणाली, "ताई, हे दुकानाचं क्रेडिट कार्ड अ‍ॅपला जोडा, नाहीतर बंद पडेल." बंद पडून कसं चालेल? बाळाची दुधाची पावडर, डायपर, सगळं त्याच कार्डावर येतं.

कार्डाच्या कंपनीला फोन लावला. तिथला मुलगा साखरेत घोळून बोलतो, "मॅडम, कोड आपल्या जुन्या नंबरवर गेलाय." तो नंबर मी बाळंतपणात रिचार्ज केला नाही, बंद पडला, आणि आता तो दुसऱ्या कुणाला दिलेला. म्हटलं, "मग दादा, नवा नंबर घाला." "घालतो ना मॅडम. त्यासाठी एक कोड लागेल. तो जुन्या नंबरवर येईल." लगेच मोबाइल म्हणाला, 'कोड पाठवला आहे.'

मग काय करते? स्वतःच्याच जुन्या नंबरला फोन लावला. कधी लावलाय तुम्ही? लावू नका. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत कुणीतरी उचलला. बाईचा आवाज, अगदी शांत. "केलात एकदाचा फोन? मी वाटच बघत होते."

म्हटलं, "अहो, तेवढा कोड सांगता का?"

"सांगते की. आधी सांगा, बाळाचा खोकला थांबला का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, औषधाचं बिल येतं ना मला. दुकानाचं येतं, दवाखान्याचं येतं. सोमवारी लसीचा डोस आहे त्याचा. मागचा तू चुकवलास."

अहो-जाहोवरून अगं-तुगंवर कधी आली, कळलंच नाही. आणि चुकवला होता हो मी... सासूबाईंनासुद्धा माहीत नाही ते.

कोड दिला तिने. नंबर बदलला, कार्ड जोडलं, दवाखान्यातही नवा नंबर दिला. म्हटलं, सुटले. तर संध्याकाळी तिचाच फोन. "म्हणजे आता मला काहीच येणार नाही ना?" म्हटलं, नाही. मग म्हणते, "मग बाळाचं मला कळणार कसं?"

सांगा, काय बोलायचं ह्यावर? ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "कार्ड चालू झालं ना? मग झालं." झालं कसं? तिच्याकडे गेलेल्या घरपोच सामानाच्या प्रत्येक मेसेजात आमचा पत्ता असायचा, मजल्यासकट. म्हणून आता रोज संध्याकाळी मीच तिला फोन करते. काय खाल्लं, किती झोपला, शी कशी झाली... माझ्या आईला मी एवढं सांगत नाही.

काल म्हणाली, "रविवारी येऊन बघूनच जाते त्याला." नको म्हणणार होते, पण जी बाई दारापर्यंत येऊ शकते तिला नको कसं म्हणायचं? म्हटलं, "या. पण काही आणू नका हं."

"छे गं. त्याचा साबण तेवढा आणते. संपला असेल ना?"

फोन ठेवला आणि मोरीत जाऊन बघितलं.

संपला होता.