चावा

आमच्या तैगातल्या गावच्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होतो. शेजारी हाताला फडकं गुंडाळून प्रोकोपी बसला होता, पलीकडे अग्राफेनाआजी.

“हाताला काय झालं रे, प्रोकोपी?”

“कुत्री चावली, आजी. फरसाठी सेबल पकडायला सापळा लावला होता, त्यात तिचाच पाय अडकला.”

“मग?”

“तोंडावर कोट टाकला, गुडघ्याने दाबून धरली आणि सापळा उघडला. सुटताना चावली नि पळाली.”

“कशी होती दिसायला?”

“काळी. एक कान फाटलेला.”

“माझीच ती. लंगडत आली नि चुलीमागे पडून आहे. मी उगाच लांडग्यांना शिव्या देत होते.”

“पाय टेकवते का?”

“आजपासून टेकवतेय.”

“चुकलंच माझं. वाटेजवळ लावायला नको होता. आता सापळे झाडावर उंच बांधतो.”

“बांध. आणि घरी ये. तिला तुझा हात हुंगू दे, नाहीतर जन्मभर तुला घाबरेल.”

“परत चावली तर?”

“तर दुसरा हात आहेच की.”

आतून नर्सने आजींना हाक मारली.

“आधी याला घ्या, बाई,” आजी म्हणाल्या. “चावा आमच्या घरचा आहे.”