वळसंगचा पारदर्शक खडा

खडे ओळखून घ्यायला माझ्याकडे बरेच जण येतात हो, पण वळसंगच्या महादेवीमावशी काही विसरता येत नाहीत. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून कुणीतरी त्यांना माझ्याकडे पाठवलेलं. विहीर खणताना सापडलेला काचेसारखा खडा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "सर, ह्यो हिरा हाय न्हवं? लेक दुबईत नर्स हाय माझी. हिरा निगाला तर तिला माघारीच बोलावते."

मी खिळ्यानं ओरखडा काढला, तो सहज उठला. सौम्य ॲसिडचा थेंब टाकला, तर फसफसलं.

"मावशी, हा कॅल्साइट. चुन्याच्याच जातीचा. हिऱ्यावर खिळ्याचा ओरखडा उठत नाही."

त्यांनी खडा परत घ्यायला हात पुढे केला. मलाच राहवेना. खडा पुसून म्हणालो, "पण ह्याच्याखाली काहीही ठेवा, एकाचे दोन दिसतात."

त्यांनी बटव्यातून लेकीचा छोटा फोटो काढला, त्यावर खडा ठेवला आणि वाकून पाहिलं. कितीतरी वेळ मान वर केली नाही.

"व्हय की," हळूच म्हणाल्या, "दोघी हायत."

मग खडा पदरात बांधत उठल्या.

"एक ऱ्हाऊ दे तितं. दुसरीला मी घरी नेते."