दुर्वाचे फोटो घरच्या ग्रुपवर

हसू नका गं, पण त्या दिवशी माझ्या जिवात जीव नव्हता. आमचा घरचा कंप्युटर लई हळू चालायचा, म्हणून नवी पेठेतल्या दुकानातले दादा आले. म्हणाले, "ताई, जुन्यावरच नवीन सिस्टिम चढवली तर फोटो राहतील, पण मशीन रडतखडत चालंल. सगळं पुसून कोरी टाकली तर पळंल की!"

माझ्या दुर्वाचे जन्मापासूनचे फोटो त्यातच होते, दुसरीकडं कुठंच नव्हते. मी म्हटलं, "थांबा जरा." दसऱ्याच्या साफसफाईला आपण भांडीकुंडी शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ठेवतो की नाही? तसे मी सगळे फोटो घरच्या ग्रुपवर पाठवले. अगदी वाळत घातलेल्या लंगोटांचेसुद्धा! माझ्या फोनमधलेही काढून टाकले, मग दादांना म्हटलं, "आता पुसा खुशाल."

कंप्युटर खरंच पळायला लागला. मी आनंदात ग्रुपवर लिहिलं, "आता माझे फोटो परत पाठवा."

लगेच नणंदेचा फोन. "वहिनी, ते ठेवायला दिलेले होय? फोन भरला म्हणून मी पुसून टाकले की!" दिरांनीही पुसलेले. जाऊबाई तर म्हणाल्या, "मी ग्रुपच सोडला बाई!"

मला रडूच फुटलं. शेवटी कुर्डुवाडीला सासूबाईंच्या बहिणीला फोन लावला. "मावशी, तुम्हीपण दुर्वाचे फोटो पुसले का हो?"

मावशी एकदम ओशाळल्या. "न्हाय गं बाई. पुसायचं कसं, तेच मला येत न्हाय. सगळे तसंच पडल्यात. रागावू नगंस हं!"