फळ्यासमोर उभी केलेली प्रत

सन्माननीय अध्यक्षमहाशय, मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकवृंद, पालक आणि मघापासून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघणाऱ्या मुलामुलींनो,

निवृत्त होतायत त्या तुमच्या जीवशास्त्राच्या बाई. मी त्यांची जुळी बहीण, कपडे शिवते. मघाशी हार माझ्या गळ्यात पडता पडता राहिला, त्याबद्दल संयोजकांवर अजिबात राग नाही. बाजारात मला पाहून गृहपाठ का राहिला याची कारणं सांगणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी सगळ्यांना माफ करून टाकायचे.

क्लोनिंगचा धडा आला की बाई आधी मनीप्लांटचे तुकडे बाटल्यांत लावायच्या. एक बाटली खिडकीत, एक कपाटामागे. मग मेंढीची गोष्ट. एकीच्या पेशीतलं केंद्रक दुसरीच्या रिकाम्या केलेल्या अंडपेशीत घातलं आणि तिसरीच्या पोटी पहिलीची हुबेहूब प्रत जन्मली. मेंढी संपली की तिच्या जागी मला उभं करायच्या! "ही निसर्गानेच काढलेली प्रत." मी म्हणायचे, "आधी मी जन्मले. प्रत तू."

मग बाटल्या पुढे यायच्या. खिडकीतला वेल भरगच्च, कपाटामागचा फिकट, लांबुडका. जनुकं तीच, मग असं का? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. मशीनवर वाकून पाठ धरायची आणि मी डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खात राहिले. आता माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. तिची ठणठणीत आहेत. हे इथे बोलायचं नव्हतं, पण माईक हातात आला की माणसाचं काय सांगावं?

यंदा वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, मग तुमचा अवयव यांना चालेल?" खडू जागीच थांबला. माझ्याकडे बघत बाई म्हणाल्या, "चालेल. हिचं शरीर त्याला परकं मानणार नाही. हिने तेवढं हो म्हणायला हवं." मुलांना वाटलं, धडाच चाललाय.

घरी मी तिला उडवूनच लावलं होतं. थोरलीने द्यायचं असतं, धाकटीकडून घ्यायचं नसतं. उद्या तुझ्या उरलेल्या एकाला काही झालं तर? ती म्हणाली, "ताई, तू गेलीस तर मी वर्गात कुणाला उभी करू?"

"अगं, तू निवृत्त होतेयस!"

"मग तर दिवसभर घरीच. भांडू कुणाशी?"

मला तेव्हा भीती वाटत होती, माझ्यापेक्षा तिच्यासाठी जास्त. ती आजही वाटते आहे.

असो. आपण मला बोलावलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. शाळेच्या कार्यक्रमात घरचं गाऱ्हाणं आणलं, कुठे टाका तिरका पडला असेल, तर सांभाळून घ्या.

आणि धाकटे, डॉक्टरांची वेळ घे. माझं हो आहे.