मना हात रुसना

मी सोनगीरची. धुळ्याच्या पुढं हमरस्त्यानं गेलं का किल्ला दिसतो, त्याच्या खालचं गाव, तिथी माहं माहेर. तिकडं बोली अहिराणी, आहेले शे अन् सगळ्याले बठ्ठा असं बोलायचं, लग्न होऊन जळगावजवळच्या असोद्याले आली तं इथलं बोलणं वेगळं, सासू म्हणे ही पोरगी काय बोलते ते घरात कोणालेच समजत नाही, मंग हळूहळू जीभ वळली, आता ना धड तिकडची ना धड इकडची, तुम्ही लिहून घेऊ राह्यल्या तं सांभाळून घ्या ताई.

माही आई मांडे करे. आपल्या खानदेशात आखाजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, अन् लग्नाच्या देवकार्याले मांडे लागतातच, मोठी पुरणपोळी, पण लाटण्यावरची नाही, हातावरची. कणीक तिंबून तिंबून इतकी मऊ करायची का ताणली तरी तुटली नाही पाहिजे, तिच्यात पुरण भरायचं, अन् मंग दोन्ही हातावर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची, अन् चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर तापलेलं राहतं, त्याच्यावर अलगद सोडायची. एक बोट जरी आडवं लागलं ना, तं भोक पडलं समजा, पुरण चुलीत. आईच्या हातून पडतच नसे. पण महिन्यातले काही दिवस असे येत का तिच्याही हातून मांडा फाटे, तवा ती खापरापासून उठे अन् मावशीले म्हणे, तू बस वं बहीण, मना हात रुसना, म्हणजे माहा हात रुसला. मले लहानपणी वाटे का हात खरंच रुसतो, माणसावानी.

मंग मी मोठी झाली अन् मले समजलं. कावळा शिवायच्या आधीचे ते दिवस, शिवल्यावरचे नाही, आधीचे, हे ध्यानात ठेवा ताई, कारण माहं सगळं वाटोळं या एका गोष्टीवर झालं. त्या आधीच्या दिवसात मले काय व्हये सांगू तुम्हाले, कपबशी हातातून निसटे, ज्या चौकटीतून रोज जायची तिलेच कोपर लागे, उंबरा पायाले जिथं नाही तिथी लागे. वास तं असे येत का विचारू नका, विलायची मले एरवी आवडते, पण तवा तिचा वास डोक्यात जाये, शेजारच्या घरी कोणी मिरच्या तळल्या तं मी दार लावून घे. अन् राग. मालक, म्हणजे माहे घरवाले, नुसतं म्हणाले का चहा थंड आहे तं मले रडू फुटे, अन् रडून झालं का रडल्याचा राग ये. सगळ्याच बायकायले होतं असं नाही, माह्या बहिणीले विचारलं तं ती म्हणे मले काहीच समजत नाही, आली का कळतं आली. ज्याचं त्याचं शरीर.

अन् गंमत पाहा, एकदा कावळा शिवला का दोन दिवसांत माहा हात असा मोकळा व्हये, असा हलका, का त्या दिवसात मी मांडा केला असता तं आरपार चुलीतला जाळ दिसला असता. पण तवा मले कोणी खापराजवळ बसू देणार नाही. चुलीपासून दूर, लोणच्या-पापडाले हात नाही. म्हणजे हात बिघडलेला राहे तवा बस म्हणायचे, अन् हात सुधरला का दूर बस म्हणायचे. मी हसे मनात. पण पाळत व्हती हो मी, सासूच्या धाकानं पाळलं अन् सासू गेल्यावर सवयीनं पाळलं, त्या दिवसात मी कोणाच्या कामाले कधीच गेली नाही. देवाशपथ सांगते.

तं आशा. आशा म्हणजे माही धाकटी जाऊ, लग्न होऊन आली तवा तिले साधी पोळी गोल येत नव्हती. तिले मी मांडे शिकवले, हात धरून. तिच्या पहिल्या मांड्याचं तं सारं पुरण राखेत गेलं अन् ती रडाले लागली, मी म्हटलं रडू नको, माह्या आईनं मले शिकवलं तवा मी याहून जास्त सांडलं. मंग आम्ही जोडीनं कामं घ्याले लागलो, असोद्यात, जळगावात, पार मुक्ताईनगरपर्यंत आम्हाले बोलावणं ये. मालकाची मालवाहू रिक्षा आहे, तिच्यात खापरं गवतात गुंडाळून ठेवायची अन् आम्ही दोघी मागं त्याले धरून बसायचो. आशाले मी ते हाताचं सांगतलं. दुसरं कोणाले सांगणार, नवऱ्याले सांगून समजत नाही, ते म्हणत तुले काहीतरी निमित्त लागते. आशाले समजलं. ती म्हणे ताई, तुम्ही नुसतं म्हणा हात रुसना, मी खापरावर बसते, तुम्ही पुरण भरून द्या. झालं. लोकायच्या घरी मी हळूच म्हणायची, आशा, मना हात रुसना, अन् ती काही न विचारता जागा बदलायची. इतकं मले बरं वाटे ताई, काय सांगू तुम्हाले, जगात एका माणसाले तरी आपलं समजते.

बाजूच्या गावात एक नाना आहेत, केळीचं मोठं काम, त्यांच्या नातवाचं लग्न निघालं. देवकार्याले मांडे आमच्याकडं. माहा हात त्या दिवशी रुसलेला व्हता. पहिला मांडा फाटला, दुसऱ्याले भोक पडलं, मी आशाले म्हटलं, ती बसली खापरावर, मी पुरण भरत राह्यली, नैवेद्य झाला, पंगत उठली, अक्कानं, म्हणजे नानांच्या बायकोनं, दोघींले साड्या नेसवल्या. अन् पुढच्याच हप्त्यात तो नवरदेव मोटारसायकलवरून पडला, पाय मोडला, लग्न पुढं गेलं. आता मोटारसायकल जोरात चालवली म्हणून पडला, पण लोक असं कुठी म्हणतात, घरात सुरू झालं का देवाच्या कामात काहीतरी शिवाशिव झाली असंल.

मले निरोप आला का अक्कानं बोलावलं. मले वाटलं लग्नाची नवी तारीख ठरली, कामाचं बोलायचं असंल. मालक रिक्षा घेऊन सोबत आले. गेलो तं नाना बंगईवर, झोपाळ्यावर बसलेले, त्यांची पोरं, सुना, सगळे ओट्यावर. अक्का म्हणे, खरं सांग, तू आमच्या देवाच्या नैवेद्याले कशी बसली व्हती. मी म्हटलं कशी म्हणजे. ती म्हणे, आशा सांगून गेली, त्या दिवशी ताईचा हात रुसला व्हता, मी विचारलं रुसला म्हणजे काय, तं तिनं मान खाली घातली अन् म्हणे, आता मी काय सांगू अक्का, तुम्हीच बाईमाणूस, समजून घ्या.

ताई, एक शब्द खोटा नाही त्याच्यात. हात रुसला व्हता, मीच म्हटलं व्हतं. अन् तरी सगळंच्या सगळं खोटं.

मी म्हटलं अक्का, हात रुसणं वेगळं अन् दूर बसणं वेगळं, ते आधी येते, मी तवा दूर बसलेली नव्हती. अक्का म्हणे, दोन्ही एकाच घरचे. मंग मी काय करायचं, तितक्या माणसात, नानासमोर, त्यांच्या पोरायसमोर, मले कवा आली अन् कवा नाही ते सांगत बसायचं? तेही सांगतलं मी. सांगतलं का देवकार्यानंतर चार-पाच दिवसांनी मी घरी दूर बसली, तवा भाकरी आशानं केल्या. लाज वाटली पण सांगतलं. अन् मी मालकाकडं पाह्यलं. त्यायले माहीत व्हतं. मी दूर बसली का त्यांच्या ताटात कोण वाढते ते त्यायले माहीत नाही का? एक शब्द बोलले असते, हो अक्का, ही तवा बसली नव्हती, तं पुरुषमाणसाचा शब्द त्या ओट्यावर चालला असता. ते रिक्षाची चावी बोटात फिरवत खाली पाहत राह्यले.

घरी आल्यावर मी आशाले विचारलं. ती म्हणे, मी काय खोटं बोलली ताई, तुम्हीच तं म्हणत व्हत्या. अन् भांडे घासत राह्यली. मालकाले विचारलं तं म्हणे, बायकायच्या गोष्टीत मी काय बोलू, लाज वाटते. त्या लग्नाचे मांडे आशानं केले. त्याच्या पुढच्या आखाजीलेही लोकायनं तिलेच बोलावलं, माही खापरं घेऊन गेली ती, मालकाच्याच रिक्षात, मी अंगणात उभी राहून पाह्यलं. मले कोणी बोलवे ना. बोलवलं तं भजे तळाले, मांड्याले नाही. कोणी तोंडावर काही म्हणत नसे, फक्त मी पुरणाजवळ गेली का एखादी म्हातारी हळूच पातेलं सरकवून घे. तेवढं पातेलं सरकवणं मले रोज दिसे, झोपतानाही दिसे.

काही वरसं अशीच गेली. मी घरच्यापुरते मांडे करत राह्यली, लेकीच्या सासरी पाठवत राह्यली. आशाशी बोलणं ठेवलं, एका अंगणात राहून न बोलता कसं जमणार, पण आपल्या जिवाचं पुन्हा तिले सांगतलं नाही. अन् आता या वर्षात माहं ते बंदच झालं. आधी मागंपुढं व्हये, मंग थांबलं. अंगात एकदम वाफ येते, घाम फुटतो, पण कपबशी हातातून पडत नाही, विलायचीचा वास डोक्यात जात नाही. रुसणं गेलं हाताचं. अन् तो हलकेपणा व्हता ना, दोन दिवसांनंतरचा, तोही गेला. आता हात सारखाच चालतो, बाराही महिने. हे मी मालकाले सांगतलं, घाम का येते असं ते विचारत व्हते म्हणून सांगतलं. दुसऱ्या कोणाले नाही, लेकीलेही नाही.

तं मागच्या हप्त्यात नानांच्या सुनेचा फोन आला. अक्का आता अंथरुणाले आहे, तिच्या जिवाले मांडे खावेसे वाटतात, अन् घरात देवकार्यही आहे. आशाताईच्या मांड्याले तुमच्यावानी पदर सुटत नाही म्हणे. मी म्हटलं, मंग अक्काले चालते का मी. तं ती हसली अन् म्हणे, आता काय अडचण आहे मावशी, आता तं तुमचं बंद झालं ना, आशाताई सांगत व्हत्या.

फोन ठेवला अन् मी आत गेली. मालक जेवत व्हते. मी म्हटलं, आशाले तुम्ही सांगतलं? ते म्हणे, हो, मीच सांगतलं, म्हटलं तिच्या कानावर घातलं का गावात कळंल, तुले काम भेटंल, तुह्या भल्यासाठीच सांगतलं. खरं व्हतं त्यांचं, वाईट मनात नव्हतं. पण त्या ओट्यावर लाज वाटली या माणसाले, अन् हे सांगाले लाज वाटली नाही. अन् अक्काच्या घरी कोणाले असं वाटलं नाही का त्या बाईवर खोटा आळ आला व्हता. त्यायच्या लेखी मी तवा विटाळलेलीच व्हती, आता फक्त धुतली गेली.

जाणार आहे मी, हो, अक्का आजारी आहे, तिच्या तोंडात घास जाऊ द्या, देव तिचं भलं करो. आशा कणीक तिंबून देते म्हणाली, दे म्हटलं. मालकाले म्हटलं खापरं रिक्षात ठेवा. काल सकाळपासून माह्या डाव्या खांद्यात कळ येऊ राह्यली, हात वर नेला का जास्तच येते, अन् मांडा तं हात उचलल्याशिवाय वाढत नाही. तुम्ही बाहेरच्या, म्हणून तुम्हाले सांगतलं. घरात कोणाले बोलू नका.